वकालतनाम्याशिवाय दिलेलं उत्तर

आजच्या या निरोप आणि सत्कार समारंभाच्या अध्यक्षा, माझ्या गुरू रागिणीताई मोहोड. अकोल्याहून दवाखाना बंद ठेवून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे डॉ. ललित गावंडे, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या टँगो अभ्यास मंडळाचे सर्व सभासद, जिल्हा न्यायालयातले माझे वकील मित्र, जे मी खरोखरच नाचतो की ही अफवा आहे याची शहानिशा करायला आले आहेत, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या पत्नी शैलाताई, ज्यांची याबाबतची खात्री फार पूर्वीच, स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर झालेली आहे, आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

सत्काराला उत्तर द्यायला मी उभा आहे. शाल मिळाली, नारळ मिळाला, हार मिळाला. आपल्या वर्गातल्या आचलनं माझा परिचय करून दिला. त्या परिचयात मी जिद्दी आहे, निगर्वी आहे, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पुण्याला जाऊन टँगोचा प्रगत अभ्यास पुरा करणारा आपल्या मंडळातला पहिला माणूस आहे. आचल, बेटा, फार छान बोललीस. पण छत्तीस वर्षं वकिली केलेला माणूस म्हणून सांगतो, उलटतपासणीत यातलं फक्त वय टिकेल.

पुढच्या रविवारपासून अकोल्याला नवीन वर्ग सुरू होतोय आणि तो मी घ्यायचा आहे, म्हणून हा निरोप. अमरावती ते अकोला अंतर ते किती! तिथे जाणाऱ्याला निरोप द्यायचा म्हणजे आपल्या लोकांचं प्रेमच म्हणायचं. या प्रेमाबद्दल आधी आभार मानून घेतो, कारण पुढचं बोलून झाल्यावर ते कितपत शिल्लक राहील, मला सांगता येत नाही.

वकील मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. टँगो हा अर्जेंटिना देशातला, जोडीनं करायचा नाच. रागिणीताई आठ वर्षांपूर्वी तो शिकून अमरावतीला परत आल्या आणि वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी वर्ग काढला. एकमेकांना मिठीत घेऊन नाचायचं, आणि तेही राजकमल चौकापासून हाकेच्या अंतरावर! गावात काय काय बोललं गेलं ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यातलेच काही जण ते बोलले होते. पहिल्या दिवशी अकरा पुरुष आले आणि बाया दोन. त्या दोघींतल्या एक आमच्या शैलाताई. दुसऱ्याच आठवड्यात माझा बूट त्यांच्या अंगठ्यावर पडला आणि त्या म्हणाल्या, "तुमचा संसार केला तेवढा पुरे. नाच दुसऱ्या कुणाबरोबर करा."

आता बाई उरली एक. ताई म्हणाल्या, "काही बिघडत नाही. जोडी म्हणजे एक पुढे चालणारा आणि एक मागे चालणारा. पुरुष-पुरुष मिळून शिका." मागे चालायचं म्हणजे बाईचं पाऊल घ्यायचं. झालं! अकरापैकी दहा जण एकदम पुढे चालणारे निघाले, आणि अकरावा लघुशंकेला गेला. मी सांगितलं, मला पाठीचा त्रास आहे, मागे चालता येत नाही. पाठ माझी ठणठणीत होती. ही माझी या वर्गातली पहिली खोटी साक्ष. दुसऱ्या साक्षीकडे येतोच आहे.

नेमकं त्याच संध्याकाळी सूर्यभानभाऊ इंगोले एका कागदावर माझी सही घ्यायला वाचनालयात आले. भाऊ भातकुलीचे. पराटी, तूर, सोयाबीन पिकवणारे. वीस वर्षांपासूनचे माझे पक्षकार. आले ते दारातच उभे राहिले, चप्पल बाहेर काढून. ताईंनी विचारलं, "भाऊ, आजच्या दिवस वकीलसाहेबांसमोर उभे राहता का?"

"राहतो ना. काय कराव लागते?"

"उलटं चालायचं. त्यांच्याकडे तोंड करून."

"मंग तं सोपं हाय," भाऊ म्हणाले. "नवा गोऱ्हा जुवाले लावतो तवा त्याच्यापुढं असंच उलटं चालाव लागते, ताई. त्याच्या डोयात पाहत. आपुन बिचकलो का तो बिचकते."

वर्गात जो हशा झाला, त्यात गोऱ्हा कोण हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आजच्या दिवस म्हणून उभा राहिलेला हा माणूस चार वर्षं माझ्यासमोर उभा राहिला. महासाथीचा खंड सोडला तर दर गुरुवारी आणि दर रविवारी. मी पुढे, ते मागे. आपल्याला वाटतं, पुढे चालणारा नाचवतो. ताई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की टँगोत पुढच्यानं फक्त विचारायचं असतं. छाती किंचित पुढे नेऊन विचारायचं आणि थांबायचं. समोरच्यानं पाऊल टाकलं की मग आपलं. मला विचारणं लगेच जमलं. थांबणं काही जमेना. माझ्या धंद्यात कुणी थांबत नाही हो. थांबला की समोरचा वकील बोलायला लागतो.

भाऊ मात्र माझं अर्धवट विचारणंही सांभाळून घ्यायचे. माझा तोल गेला की त्यांच्या हाताच्या पंजातून मला कळायचं, आता डावीकडे. मी डावीकडे जायचो, आणि पाहणाऱ्यांना वाटायचं काय सुंदर वळण घेतलं वकीलसाहेबांनी! टाळ्या मला मिळायच्या. भाऊ बाजूला उभे राहून गमछ्यानं घाम पुसायचे. भातकुलीत कुणीतरी त्यांना विचारलं, "काहून हो भाऊ, तुमी अमरावतीले नाचून राहिले म्हनते?" तर भाऊ म्हणाले, "नाई बाप्पा, वकीलसाहेबाले चालाले शिकवून राहिलो." हे मला लोकांनी विनोद म्हणून सांगितलं आणि मीही विनोद म्हणूनच हसलो.

आता तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टीकडे येतो. पाणी घेतो जरा. माफ करा.

त्या वर्षी मार्चमध्ये ताईंनी जाहीर केलं की पुण्याच्या करिश्मा मॅडम आपल्याकडे दोन दिवसांचं शिबिर घेणार आहेत, आणि आपल्या वर्गातला एक माणूस पुढच्या अभ्यासासाठी निवडून नेणार आहेत. जून ते जानेवारी, पूर्ण आठ महिने पुण्यात. जागा एकच. मी मंडळाचा सचिव. वर्गात सगळ्यांनी गृहीत धरलं की जाणार ते वकीलसाहेब. सगळ्यांच्या आधी मी स्वतः गृहीत धरलं.

एप्रिलमध्ये मॅडम आल्या. दोन दिवस त्यांनी आम्हाला नुसतं चालायला लावलं. एकही वळण नाही की गिरकी नाही. मी नवीन बूट घेतले होते, ते वाया गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना माझ्या गाडीतून बडनेरा स्टेशनला सोडायला निघालो. गाडीत आम्ही दोघंच. त्या म्हणाल्या, "उपासनेसाहेब, तुमच्यासमोर ते उलटं चालतात ना, ते भाऊ मला हवेत. इतकं ऐकत चालणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला. तुमच्या जोडीत नाचवत ते होते, तुम्ही त्यांच्या मागून जात होतात. त्यांना म्हणावं, जूनपासून या."

सभागृहातल्या मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला लाज वाटली. आणि राग आला. भाऊंचा राग आला मला. ज्यानं चार वर्षं माझे खांदे सरळ केले, त्याचा.

मी म्हणालो, "ते काही येऊ शकणार नाहीत, मॅडम. शेतकरी माणूस. जून म्हणजे ऐन पेरणी. वावर सोडून आठ महिने कसे येतील?"

त्यांनी विचारलं, "तुम्ही विचारलंत त्यांना?"

मी म्हणालो, "विचारायला कशाला पाहिजे? वीस वर्षं ओळखतो मी त्यांना."

स्टेशनवर उतरताना म्हणाल्या, "ठीक आहे. मग तुम्ही या."

ताई, तुम्ही मान खाली घातलीत. तुम्ही कशाला घालता? मी तुम्हाला गुरुवारी येऊन सांगितलं होतं की मॅडमनी माझी निवड केली. तुम्ही पेढे वाटले होते. तुम्हाला हे आज, इथे, सगळ्यांबरोबर कळतंय, हाही माझाच गुन्हा.

न्यायालयात मी कुणाच्याही वतीनं एक शब्द बोलायचा तर आधी त्याच्याकडून वकालतनाम्यावर सही घ्यावी लागते. नवशिक्या वकिलालाही हे माहीत असतं. आणि मी, छत्तीस वर्षांचा वकील, ज्याचे कोर्टातले शेकडो कागद माझ्या कपाटात आहेत, त्याच्या वतीनं एका चालत्या गाडीत उत्तर देऊन मोकळा झालो.

गावात बातमी झाली. माझं अभिनंदन करायला पहिले कोण आले असतील? भाऊच आले. म्हणाले, "पुन्याले जाऊन राहिले तर तयारी पक्की पायजे. वऱ्हाडाचं नाक राहिलं पायजे." आणि मे महिन्याच्या उन्हात, एक दिवसाआड, भातकुलीहून बसनं येऊन त्यांनी माझी तयारी करून घेतली. दुपारी वाचनालय रिकामं असायचं. पंखा फिरला तरी गरम हवाच यायची. ते उलटे चालायचे आणि म्हणायचे, "घाई नोका करू. थांबा. मी टाकतो पाऊल, मंग तुमी टाका." मी दर वेळी ठरवायचो की आज सांगून टाकू. बसची वेळ व्हायची आणि ते जायचे. मी सांगितलं नाही.

पुण्यात पहिल्याच महिन्यात मॅडमनी आम्हा सगळ्यांना मागे चालायला लावलं. जो मागे चालायला शिकला नाही त्याला पुढे चालता येत नाही, हा त्यांचा नियम. मी वर्गात सगळ्यात कच्चा निघालो. तिथल्या विशीतल्या पोरी मला पुढून चालवायच्या आणि मी दर चौथ्या पावलाला अडायचो. रडतखडत शिकलो. पण शिकलो, हे नाकारत नाही, नाहीतर हा सत्कारच खोटा ठरेल. मॅडम अधूनमधून विचारायच्या, "तुमचे ते भाऊ कसे आहेत?" मी म्हणायचो, "मजेत आहेत."

इथपर्यंत ऐकून तुमच्यातले काही सज्जन माझी बाजू घ्यायला लागले असतील. वकिलाच्या लक्षात येतं ते. तुम्ही म्हणाल, साहेब, तुमचा अंदाज चुकला, एवढंच. शेतकऱ्याला खरंच पेरणी सोडून जाता येत नाही. चांगल्या मनानं बोललात, घाईनं बोललात.

तसं असतं तर मी आज इथे नारळ घेऊन गुपचूप बसलो असतो.

त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिबिराच्या महिनाभर आधी, भाऊ माझ्याकडे आले होते. त्यांना आपलं पाच एकर वावर एका सालासाठी बटईनं द्यायचं होतं. बटईनं म्हणजे वर्षभर शेत दुसऱ्यानं कसायचं आणि पीक निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. मी विचारलं, "काहून भाऊ? कधी नाही ते यंदा?" ते म्हणाले, "थकलो, बाप्पा." मी पुढे विचारलं नाही. तो कागद मीच लिहिला. माझ्या टेबलावर, माझ्या पेनानं. खाली साक्षीदार म्हणून सहीसुद्धा माझीच आहे. तेव्हा बडनेऱ्याच्या रस्त्यावर जेव्हा मी म्हणालो की जूनमध्ये त्यांची पेरणी आहे, तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की त्या जूनमध्ये सूर्यभान इंगोल्यांना पेरायला वावरच नव्हतं.

माझा अंदाज चुकला नव्हता. मी खोटं बोललो होतो.

आणि तरीही तीन वर्षं मी झोपू शकलो, कारण मी स्वतःची एक समजूत घातली होती. भाऊ खरंच थकले असतील. बोलावलं असतं तरी नसते गेले. ही समजूत गेल्या महिन्यापर्यंत चांगली चालली. गेल्या महिन्यात आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी भातकुलीला गेलो. भाऊ बाहेर गेले होते. रुख्मिणीवहिनींनी चहा केला. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, आणि वहिनी, तुम्ही इथे बसला आहात, माझं काही चुकलं तर मला थांबवा. वहिनी म्हणाल्या:

"त्या साली यायनं वावर बटईनं देल्लं अन् नुसते घरी बसून राहिले. मी म्हनलं, काहून हो? तं म्हने, पुन्याचं बोलावनं आलं तं निंगता आलं पायजे. वावर हाय म्हनून नाई म्हनाव नाई लागलं पायजे. रोज सकायी फोन चार्जिंगले लावे हा मानूस. मंग तुमचं नाव आलं. तं म्हने, बराबर हाय, वकीलसाहेब शिकले-सवरले मानूस हायत."

त्यांनी ही तक्रार म्हणून सांगितली नाही. चहात साखर कमी पडली का, असं विचारत विचारत सांगितली. मी म्हटलं, साखर बरोबर आहे. आणि आमंत्रणपत्रिका पाटावर ठेवून निघून आलो. त्यानंतर दोन वेळा भातकुलीला गेलो. एकदा फाट्यावरूनच परतलो. एकदा भाऊ भेटले, आम्ही तुरीच्या भावावर बोललो. ज्या गोष्टी माणसानं दुसऱ्याच्या अंगणात, दोघांत सांगायच्या असतात, त्या सांगायला मला व्यासपीठ आणि माईक लागतो. हीसुद्धा माझी खोड, आणि भाऊंना न विचारता मी ती आज त्यांच्यावर लादतो आहे, हे मला कळतंय.

मागच्या दिवाळीनंतर भाऊ विहिरीजवळ घसरले आणि त्यांचा उजवा गुडघा गेला, हे तुम्ही जाणताच. आता ते वर्गात येतात, खुर्चीवर बसतात, पोरांची पावलं पाहतात. डॉक्टर गावंडे, तुम्हीच त्यांना तपासलंत. तुम्हीच मला म्हणालात की साधं चालतील, पण उलटं चालणं आता नाही. म्हणजे मी जे घेतलं ते परत देता येणाऱ्यातलं नाही. चूक कबूल केली की हलकं वाटतं म्हणतात. मला तर तसं काही वाटून राहिलं नाही.

आज येताना मी खिशात एक ठराव लिहून आणला होता. अकोल्याच्या वर्गाला भाऊंचं नाव द्यावं, त्यांना मार्गदर्शक नेमावं, वगैरे. भाषा चांगली जमली होती. मघाशी खुर्चीवर बसल्या बसल्या वाचला आणि लक्षात आलं की हेसुद्धा मी त्यांना न विचारताच ठरवून आलोय. ठराव खिशातच राहील. अकोल्याचा वर्ग माझ्याकडे ठेवावा की नाही, हे मंडळानं ठरवावं. मी माझ्या बाजूनं युक्तिवाद करणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच करणार नाही, तेव्हा याचा गैरफायदा जरूर घ्या.

भाऊ, तुम्ही हात हलवून मला खुणावताय. मला दिसतंय. "जाऊ द्या ना, बाप्पा" म्हणताय. नाही भाऊ, असं नका म्हणू. तुम्ही चार वर्षं माझी प्रत्येक चूक हातानं सावरून घेतलीत, म्हणून मला वाटायला लागलं की मी चुकतच नाही. ही सावरू नका.

तीन वर्षांपूर्वी विचारायचा होता तो प्रश्न आज विचारतो. उशीर झालाय आणि त्याचा काही उपयोग नाही, हे समजून विचारतो. तुमचं उत्तर येईपर्यंत मी बोलणार नाही.

भाऊ, करिश्मा मॅडमनी तुम्हाला पुण्याला बोलावलं आहे. जाल का, असं मी तेव्हा विचारलं असतं तर?

...

मागच्यांना ऐकू आलं नसेल. भाऊ म्हणाले, "गेलो असतो ना." त्यांनी एवढंच म्हटलं. मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, वाचनालयाचे, आचलचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, बोलणं लांबलं असेल, तर तेवढं मोठ्या मनानं पोटात घाला. बडनेऱ्याच्या रस्त्यावर मी जे बोललो, ते मात्र पोटात घालू नका.

नमस्कार.